राणीची सत्तर वर्षं लहान मुलांना कशी सांगायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंग्लंडमधल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते आणि रविवारी सकाळी मराठी वर्ग घेते. राणी एलिझाबेथ दुसरी गेली ती ८ सप्टेंबर २०२२ ची, गुरुवारची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी शाळा नेहमीसारखी भरली आणि हजेरी संपायच्या आत एका मुलीने विचारलं, "मग आता राणीची आई रडत असेल का?" राणी ९६ वर्षांची होती. पण सहा वर्षांच्या मुलीच्या जगात ज्याला काही दुखतं-खुपतं त्याची आई जवळपास असतेच. तेव्हापासून पालक, आजी-आजोबा आणि मराठी वर्ग घेणारे इतर शिक्षक मला जे विचारत आले, ते इथे एकत्र केलं आहे. २०२६ हे राणीच्या जन्मशताब्दीचं वर्ष, त्यामुळे हा विषय शाळांत आणि घरांत पुन्हा निघतो.

सत्तर वर्षं म्हणजे किती, हे सहा-सात वर्षांच्या मुलाला कसं कळणार?

आकडा सांगून कळत नाही. "सत्तर" म्हटलं की मुलं मान डोलावतात. सातशे म्हटलं असतं तरी डोलावली असती. पायाखालून गेलं की कळतं.

दुकानात बिलाच्या यंत्रात घालतात तो कागदाचा अरुंद रोल घ्या. एका वर्षाला १० सेंटिमीटर धरा. राणी गादीवर आली ६ फेब्रुवारी १९५२ ला आणि शेवटपर्यंत गादीवरच होती, म्हणजे ७० वर्षं आणि २१४ दिवस. कागद होतो सात मीटर आणि वर थोडा. तो भिंतीवर लावू नका, जमिनीवर अंथरा. आमच्या वर्गात तो मावलाच नाही. दार उघडून बाहेर कॉरिडॉरमध्ये न्यावा लागला, आणि निम्मं काम तिथेच झालं. "मिस, अजून संपत नाहीये!" असं ओरडत मुलं पुढे पुढे पळत होती.

मग प्रत्येकाने आपल्या वयाएवढी सुतळी कापायची. सात वर्षांच्या मुलाची सुतळी ७० सेंटिमीटर. ती रोलवर एकापुढे एक ठेवत, गुडघ्यांवर सरकत जायचं. पहिल्या दोन-तीन खेपांना दंगा असतो. सहाव्या-सातव्या खेपेला मूल गप्प होतं. दहावी संपली की ते मागे वळून सुरुवातीकडे बघतं. त्या क्षणी त्याला काहीही समजावू नका, बघू द्या.

त्यानंतर खुणा करायच्या. १९५३ च्या फेब्रुवारीत गोळ्या-चॉकलेटांवरचं रेशनिंग उठलं, ही खूण मुलांची सगळ्यांत लाडकी. पावणेदोन मीटरच्या आसपास १९६९, चंद्रावर माणूस. १९७६ मध्ये राणीने लष्कराच्या एका संशोधन केंद्रातून ईमेल पाठवला, तेव्हा आपल्याकडे कुणी हा शब्दही ऐकला नव्हता. २०२० मध्ये कोविड. अशा चार-पाच खुणा पुरे. बाकीची जागा घरच्या गोष्टींसाठी राखून ठेवा: आईचा जन्म, बाबांची मुंज, आजीच्या घरी पहिला टीव्ही आला ते साल. राणीची कारकीर्द मी मोजपट्टीसारखी वापरते. तिच्यावर घरातल्या तारखा मांडल्या की ती सत्तर वर्षं मुलांना ओळखीची वाटू लागतात. एका मुलाचे आजोबा १९६८ साली विमानाने इथे आले. त्याने त्या जागेवर आपला पाय रोवला आणि बाकीचं चालणं होईपर्यंत कुणाला तिथे पाय ठेवू दिला नाही.

माझा मुलगा २०२१ चा. त्याला राणी आठवतच नाही. त्याने तिच्याबद्दल विचार करावा तरी कशाला?

कारण ती अजून त्याच्या हाताला लागते. पर्स टेबलावर उपडी करा. राणीची नाणी एकीकडे, राजाची दुसरीकडे. राणी उजवीकडे बघते, चार्ल्स डावीकडे. गादी बदलली की तोंडाची दिशा बदलायची, ही जुनी रीत आहे. आता फक्त राणीची नाणी घ्या आणि साल बघून ओळीने लावा. १९७१ पासूनच्या पेन्यांवर तिचे चार वेगवेगळे चेहरे सापडतात: तरुण, मग प्रौढ, मग गालांवर वय दिसू लागलेली, मग आजी. पाच वर्षांचं मूलही ते न सांगता ओळखतं. एखादं माणूस गादीवर असतानाच म्हातारं झालं, हे यापेक्षा सोप्या रीतीने मला दाखवता आलेलं नाही.

रस्त्यावरच्या लाल टपालपेट्याही बघा. ई, आर आणि मध्ये रोमन दोन, म्हणजे राणी एलिझाबेथ दुसरी. स्कॉटलंडमध्ये राहत असाल तर तिच्या काळातल्या पेट्यांवर ही अक्षरं दिसणार नाहीत, नुसता मुकुट दिसेल. स्कॉटलंडला एलिझाबेथ पहिली कधी राणी म्हणून लाभलीच नव्हती, मग दुसरी कुठून आली, असा तिथल्या लोकांचा आक्षेप होता. मोठ्या मुलांना हा मुद्दा फार पटतो.

राणी नेमकं काय करायची? लढाया तर केल्या नाहीत.

गोष्टीतल्या राजा-राणीची सवय असलेल्या मुलांचा हा अगदी रास्त प्रश्न आहे. मी असं सांगते: देशाचे नियम लोकांनी निवडून दिलेली माणसं ठरवतात. राणी त्यांना औपचारिक मंजुरी द्यायची, आणि पंतप्रधानांशी जवळजवळ दर आठवड्याला बंद दाराआड बोलायची. लाल पेटीतून आलेले सरकारी कागद ती जवळजवळ रोज बघायची. कोणाच्या बाजूने बोलायचं नाही, हा तिच्या कामाचा सगळ्यांत अवघड भाग होता. मुलांना विचारा, भांडणात कुणाचीच बाजू न घेता एक आख्खा दिवस राहता येईल का?

तिच्या काळात १५ पंतप्रधान झाले. पहिले विन्स्टन चर्चिल, जन्म १८७४ चा. शेवटच्या लिझ ट्रस, जन्म १९७५ चा. त्यांची नेमणूक राणीने ६ सप्टेंबर २०२२ ला बाल्मोरलला, म्हणजे स्कॉटलंडमधल्या आपल्या वाड्यात, केली आणि दोनच दिवसांनी ती गेली. शेवटच्या आठवड्यातही ती कामावर होती, एवढं मुलांना सांगितलं तरी चालतं.

राज्यारोहण आणि राज्याभिषेक यांत मुलं गोंधळतात. आणि मराठीत राणीला "ती" म्हणायचं की "त्या"?

पहिलं आधी. राज्यारोहण म्हणजे गादीवर येणं. ते आधीचा राजा गेल्या क्षणीच होतं, मधे रिकामा मिनिटही नसतो. राज्याभिषेक म्हणजे मुकुट घालायचा सोहळा, तो तयारी झाल्यावर. एलिझाबेथचे वडील सहावे जॉर्ज १९५२ च्या फेब्रुवारीत झोपेत गेले आणि तिचा राज्याभिषेक २ जून १९५३ ला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये झाला. मधे जवळजवळ सोळा महिने.

वडील गेले तेव्हा ती केनियात होती, २५ वर्षांची. नवऱ्याबरोबर ती जंगलातल्या एका मोठ्या झाडावर बांधलेल्या निवासात रात्रभर प्राणी बघत बसली होती. त्याच रात्री इंग्लंडमध्ये राजा वारला, आणि तिला मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. त्या झाडावर तिच्यासोबत जिम कॉर्बेट होते, आपले कुमाऊँचे, नरभक्षक वाघांवाले शिकारी. एक मुलगी राजकन्या म्हणून झाडावर चढली आणि राणी होऊन खाली उतरली, अशा अर्थाची नोंद त्यांनी तिथल्या वहीत केली. ही गोष्ट सांगितली की राज्यारोहण हा शब्द पुन्हा समजवावा लागत नाही.

"ती" की "त्या"? मी या पानावर ती लिहिते आहे, कारण गोष्टीतल्या राणीला आपण अहोजाहो करत नाही, आणि आईलाही "अगं"च म्हणतो. कुणाच्या घरी "त्या" म्हणत असतील तर मुलाला तेच शिकवा. एकेरीत अनादर आहे असं मात्र त्याला सांगू नका.

लांब कारकीर्द म्हणजे चांगली कारकीर्द का?

हा प्रश्न मूल विचारो वा न विचारो, तुम्ही काढा. इथल्या बातम्यांत "सर्वांत दीर्घ" हे शब्द इतक्या वेळा आले की मुलांना लांबी म्हणजेच मोठेपणा वाटू लागला.

मराठी मुलांना याचं उत्तर घरातच मिळतं. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ चा आणि महाराज गेले ३ एप्रिल १६८० ला. अभिषेकानंतरचा काळ सहा वर्षांहून कमी, आपल्या रोलवर साठ सेंटिमीटरही नाही. हे मी एकदा रविवारच्या वर्गात मोजून दाखवलं, तेव्हा एक मुलगा रागावला. "मोजायला चुकलात, ताई," म्हणाला. त्याने स्वतः मोजलं. मग म्हणाला, "पण त्यांनी आधीच खूप केलं होतं." मला हवं होतं ते इतकंच: किती वर्षं आणि त्या वर्षांत काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे त्याला दिसलं. उलट, फ्रान्सचा चौदावा लुई ७२ वर्षं राजा होता, एलिझाबेथपेक्षाही जास्त. पण त्यातली सुरुवातीची वर्षं तो पाळण्यातून नुकता उतरलेला होता.

लांब कारकिर्दीत चुकाही मावतात, आणि त्या लपवू नयेत असं माझं ठाम मत आहे. २१ ऑक्टोबर १९६६ ला वेल्समधल्या ॲबरफान गावात कोळशाच्या खाणीतल्या मातीचा डोंगर घसरून शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यांत ११६ मुलं. राणी तिथे आठ दिवसांनी गेली. आधी का गेली नाही, ही खंत तिला पुढे राहिली असं तिच्या जवळच्या अधिकाऱ्याने सांगितलं आहे. नंतर ती त्या गावी पुन्हा पुन्हा गेली. ही गोष्ट दहा वर्षांच्या आतल्या मुलांना सांगू नका. शाळा गाडली जाण्याचं चित्र त्यांच्या डोक्यातून जात नाही. दहा-अकराच्या मुलांना मात्र सांगा आणि विचारा, उशिरा जाणं आणि न जाणं यांत काय फरक आहे? माझ्या वर्गातली सगळ्यांत गंभीर चर्चा याच प्रश्नावर झाली.

राणी "देवाघरी गेली" म्हणायचं की "मेली"?

लहान मुलांशी बोलताना एकदा तरी सरळ शब्द वापरा: राणी मरण पावली, तिचं शरीर थांबलं, ती खूप म्हातारी होती. त्यानंतर तुमच्या घरच्या श्रद्धेप्रमाणे देवाघरी म्हणा, हरकत नाही. "झोपली आणि उठलीच नाही" हे मात्र टाळा. राणीच्या वडिलांची गोष्ट सांगतानाही मी लहानांना "झोपेत गेले" म्हणत नाही, "आजारी होते आणि रात्री वारले" म्हणते. नाहीतर त्या रात्री झोपायला घाबरणारं एखादं मूल निघतंच.

खरा प्रश्न पुढे येतो: "माझी आजीपण म्हातारी आहे." इथे घाईने विषय बदलू नका. "हो, आहे. आज ती ठीक आहे. तिला फोन करूया का?" एवढं पुरतं.

ज्या घरात अलीकडेच कुणी गेलं आहे, तिथे राणीचं निमित्त होऊन मूल त्या माणसासाठी रडतं. २०२२ मध्ये एक मुलगा राणीच्या फोटोपुढे हुंदके देत होता. त्याचे आजोबा कोविडमध्ये सांगलीला गेले होते आणि त्याच्या घरच्यांना जाता आलं नव्हतं. मी त्याला २०२१ च्या एप्रिलमधला तो फोटो दाखवला: नवऱ्याच्या अंत्यविधीला चॅपेलमध्ये काळा मास्क लावून एकटी बसलेली राणी. नियम तिलाही होते. तो बराच वेळ त्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तिला पण कुणी जवळ घेतलं नाही." मी काही बोलले नाही. त्याला जवळ घेतलं.

आणि मुलाला अजिबात वाईट वाटलं नाही तर?

तर काही बिघडलं नाही. कधीही न भेटलेल्या माणसासाठी दुःख व्हायलाच हवं असं नाही. दुसऱ्यांना वाईट वाटत असताना हसू-खिदळू नये, एवढं शिकवा.

आपण भारतीय. कोहिनूर आणि जालियनवाला बागेबद्दल मुलाने शाळेत काय बोलावं?

खरं ते, आणि वयाला पेलेल तेवढं. हा भाग इथल्या मराठी घरांत दोन टोकांनी टाळला जातो. कुणी म्हणतं, शाळेत गप्प बस. कुणी मुलाच्या तोंडी सगळा राग घालून पाठवतं. दोन्हींत मूल एकटं पडतं.

आधी तारखा नीट करा. एलिझाबेथ भारताची राणी कधीच नव्हती. भारत १९४७ मध्ये स्वतंत्र झाला, २६ जानेवारी १९५० ला प्रजासत्ताक झाला, आणि ती गादीवर आली त्यानंतर दोन वर्षांनी. भारताचे शेवटचे सम्राट तिचे वडील. तिच्या काळात भारत हा पाहुणा म्हणून जाण्याचा देश होता: ती १९६१, १९८३ आणि १९९७ मध्ये तिथे गेली, आणि १९६१ च्या प्रजासत्ताक दिनाला प्रमुख पाहुणी होती. त्या वेळी ती मुंबईतही आली होती. तुमच्या घरात कुणाला ती गर्दी आठवते का, विचारून बघा.

कोहिनूर १८४९ मध्ये पंजाबच्या दुलीपसिंगाकडून घेतला गेला, आणि तो महाराजा तेव्हा दहा वर्षांचा होता. दहा वर्षांच्या मुलांना हे एकच वाक्य सांगा, पुढचं ती स्वतः बोलतात. हिरा आज राणीच्या आईच्या मुकुटात, लंडनच्या टॉवरमध्ये आहे. एलिझाबेथच्या शवपेटीवर ठेवलेला मुकुट वेगळा होता. २०२३ मध्ये चार्ल्सच्या राज्याभिषेकात राणी कॅमिला यांनीही कोहिनूर असलेला मुकुट घातला नाही.

जालियनवाला बागेचा विषय मी नऊ-दहा वर्षांआधी काढत नाही. १९९७ मध्ये राणी अमृतसरला गेली, तिने पुष्पचक्र वाहिलं, आदल्या रात्रीच्या भाषणात त्या दुःखद घटनेचा उल्लेख केला. पण माफी मागितली नाही. मुलं विचारतात, का नाही? मी सांगते की अनेकांना ती मागायला हवी होती असं वाटतं, मलाही वाटतं. शिक्षिकेने एवढं बोललं म्हणून राणीचा अपमान होत नाही. तिच्या निधनानंतर भारताने ११ सप्टेंबरला एक दिवसाचा राजकीय दुखवटा पाळला, हेही त्याच दमात सांगते.

पुण्याची आजी फोनवर राणीछाप रुपयाच्या गोष्टी सांगते. ती हीच राणी का?

नाही, ती व्हिक्टोरिया. राणीछाप रुपया, भायखळ्याचा राणीचा बाग (आताचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान), जुनं व्ही.टी. स्टेशन, सगळं व्हिक्टोरियाचं. नातं लावून द्या: व्हिक्टोरिया ही एलिझाबेथची खापरपणजी. तिने ६३ वर्षं राज्य केलं, आणि तो विक्रम एलिझाबेथने ९ सप्टेंबर २०१५ ला मागे टाकला. आजीला चुकीचं ठरवू नका. तिच्या आजीने कनवटीला बांधलेला रुपया ही या सगळ्या गोष्टीतली सगळ्यांत जवळची वस्तू आहे. शक्य असेल तर कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा.

तिच्या कुत्र्यांचं काय झालं?

मुलांना हे जाणून घ्यायचंच असतं. तिचे दोन कॉर्गी, मिक आणि सँडी, तिच्या मुलाच्या घरी राहायला गेले. आणि राजवाड्यातल्या मधमाश्यांनाही सांगितलं गेलं: मधमाश्या सांभाळणाऱ्याने पोळ्यांच्या पेट्यांना काळ्या फिती बांधल्या आणि हलक्या आवाजात मालकीण गेल्याचं कळवलं. ही इथली जुनी प्रथा आहे.

शाळेने "राणीबद्दल विचार लिहून आणा" म्हटलंय. मूल नेटवरून उतरवून काढतंय. काय करू?

आई-बाबांना विचारून लिही म्हणू नका, तेही नेटच उघडतील. मुलाच्या हातात तीनच प्रश्न द्या आणि त्याला आजी-आजोबांशी बोलू द्या. राणी गादीवर आली तेव्हा तुम्ही कुठे होतात, किंवा जन्मला होतात का? तुमच्या लहानपणी कोणती वस्तू होती जी आता नाही? इतकी वर्षं तुम्ही कोणतं एक काम न सोडता केलंत? तिसऱ्या प्रश्नाला उत्तरं फार सुंदर येतात. एका आजीने सांगितलं, "पंचेचाळीस वर्षं पहाटे उठून डबे भरले." नातीने वहीत राणीशेजारी आजीचं नाव लिहिलं. लेखन आखडतं असेल, स्पेलिंग चुकलेलं असेल, तरी तेच शाळेत जाऊ द्या.

आमचे आजी-आजोबा हयात नाहीत. मग विचारायचं कुणाला?

शेजारी. आमच्या भिंतीपलीकडे ऐंशी ओलांडलेल्या एक बाई राहतात. माझी लेक हातात रोल घेऊन त्यांच्याकडे गेली. राज्याभिषेकाच्या दिवशी थंडी होती, पाऊस होता, आणि गल्लीत एकाच घरी टीव्ही होता. सगळी गल्ली त्या खोलीत कोंबलेली. (रविवारी सकाळी मालिका बघायला आमची आख्खी चाळ एका घरात जमायची, ते मला लगेच आठवलं.) लेकीने विचारलं, राणी कशी दिसत होती? बाई हसल्या. त्यांना काही दिसलंच नव्हतं. त्या टेबलाखाली बसून गोळ्या खात होत्या, चार महिन्यांपूर्वी रेशनवरून सुटलेल्या, आणि तिथून दिसत होते ते मोठ्या माणसांचे ओले बूट. माझ्या मुलीने रोलवर १९५३ च्या जागी मुकुट काढायचं ठरवलं होतं. घरी येऊन तिने तिथे बुटांचे बारा जोड काढले, प्रत्येकाखाली पाण्याचं लहानसं थारोळं.